व्हॉयेजरच्या तबकडीवरचे लोकसंगीत: ऐकणाऱ्यांचे आणि सुचवणाऱ्यांचे प्रश्न

जगभरातले लोकसंगीत ऐकायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

या प्रश्नावर जो तो आपापली आवडती पन्नास गाणी पाठवून देतो आणि विचारणारा त्यांतले एकही धड न ऐकता पुन्हा आपल्या नेहमीच्या गाण्यांकडे वळतो. म्हणून येथे एकच, मर्यादित आणि तयार असलेली यादी आधाराला घेतली आहे. 1977 साली नासाने व्हॉयेजर 1 आणि व्हॉयेजर 2 ही दोन याने अवकाशात सोडली, तेव्हा प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक ध्वनिमुद्रिका बसवली. तिच्यावर सुमारे नव्वद मिनिटांचे संगीत आहे, म्हणजे एकूण 27 रचना आहेत. निवड करणाऱ्या समितीचे प्रमुख कार्ल सेगन होते, अ‍ॅन ड्रूयन आणि टिमथी फेरिस यांनी प्रत्यक्ष जुळवाजुळव केली आणि लोकसंगीताच्या निवडीत अ‍ॅलन लोमॅक्स या जुन्याजाणत्या संग्राहकाचा मोठा वाटा होता. ज्याची भाषा, कान, आवडनिवड यांतले काहीच ठाऊक नाही अशा परग्रहावरच्या श्रोत्याला गाणी सुचवण्याचे हे काम होते. त्यामुळे यादी उत्तम साधलेली आहे आणि काही ठिकाणी चांगलीच फसलेलीही आहे. दुसऱ्याला गाणे सुचवू पाहणाऱ्याला त्या दोन्ही बाजूंचा उपयोग होतो.

या 27 रचनांमध्ये खरे लोकसंगीत किती आहे?

बाख, मोझार्ट, बीथोव्हन, स्ट्राविन्स्की आणि सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमधील अँथनी होल्बोर्न यांच्या मिळून आठ रचना युरोपीय अभिजात परंपरेतल्या आहेत. चक बेरी, लुई आर्मस्ट्राँग आणि ब्लाइंड विली जॉन्सन हे तीन अमेरिकन आहेत. उरलेल्या सोळांपैकी जावा, जपान, चीन, अझरबैजान आणि भारत येथील पाच रचना दरबारी किंवा शास्त्रीय संगीतात मोडतात आणि बाकीच्या अकरांना लोकसंगीत म्हणता येते. या रेषा फार ताठ ओढू नयेत. जॉन्सनचे गाणे रस्त्यावर गाणाऱ्या भजनी माणसाचे आहे आणि आमच्या मते ते लोकसंगीतातच जमा करावे.

केसरबाईंचे गाणे या यादीत कसे गेले?

हा प्रश्न मराठी वाचक हमखास विचारतात. केसरबाई केरकर या मूळच्या गोव्यातील केरी गावच्या आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँ यांच्या शिष्या होत्या. तबकडीवर त्यांची भैरवीतील "जात कहाँ हो" ही 3 मिनिटे 30 सेकंदांची ध्वनिमुद्रिका आहे. ती रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने आग्रहाने सुचवली होती. प्रसिद्ध भारतीय वादकांची ध्वनिमुद्रणे अमेरिकेत सहज मिळत असताना त्याने बाजारातून केव्हाच नाहीशी झालेली एक जुनी ध्वनिमुद्रिका नेमकेपणाने सांगितली आणि ती शोधण्याचे काम ड्रूयन यांच्यावर आले. अखेरीस न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. व्हॉयेजर 1 हे यान 5 सप्टेंबर 1977 रोजी निघाले आणि केसरबाईंचे निधन त्याच महिन्याच्या 16 तारखेला झाले.

हे गाणे लोकसंगीत नाही. तरीही त्याची हकीकत येथे दिली, कारण शिफारस कशी असावी याचा हा नमुना आहे. "भारतीय शास्त्रीय संगीत ऐका" असे ब्राउनने म्हटले असते तर समितीच्या हाती काय लागले असते हे सांगणे अवघड आहे. त्याने गायिका, राग आणि विशिष्ट ध्वनिमुद्रिका सांगितली. पुढच्या सर्व उत्तरांत आम्ही हेच पथ्य पाळले आहे.

अकरा लोकगीतांपैकी सर्वांत आधी कोणते ऐकावे?

बल्गेरियाचे "इझलेल ए देल्यो हाय्दुतिन". गायिका वाल्या बाल्कान्स्का, अवधी 4 मिनिटे 59 सेकंद. हे ध्वनिमुद्रण मार्टिन केनिग आणि एथेल रेम या अमेरिकन संग्राहकांनी 1968 साली बल्गेरियाच्या दक्षिणेकडील रोडोपी पर्वतात केले. साथीला दोन काबा गाइडा आहेत. काबा गाइडा म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची पिशवी असलेले, खर्जात बोलणारे वाद्य. पिशवीत हवा भरून ठेवलेली असल्यामुळे त्याचा आधारस्वर क्षणभरही तुटत नाही.

मराठी कानाला हे गाणे लवकर जवळ येते आणि त्याला कारण आहे. तानपुऱ्याच्या अखंड स्वरावर आवाज कसा टेकतो, उचलला जातो आणि परत येतो हे आपण लहानपणापासून ऐकत असतो. गाइडाचा आधारस्वर तेच काम करतो. गाण्याला ठेका नाही. बाल्कान्स्का एक ओळ गळ्याच्या पूर्ण ताकदीने मोकळी सोडते, तिच्या टोकाशी बारीक हरकत घेते आणि मग पुढच्या ओळीपर्यंत गाइडा बोलत राहतो. रोडोपीतली गाणी बहुधा पाच स्वरांची असतात, त्यामुळे भूपासारख्या रागांची सवय असलेल्याला स्वरांची वाट अनोळखी वाटत नाही. गळा लावण्याची पद्धत मात्र पूर्ण वेगळी आहे. त्या उघड्या, डोंगरावर हाक मारल्यासारख्या आवाजाला सरावण्यास दोन-तीनदा ऐकावे लागते.

गाण्याचा विषय पोवाड्याला शोभेल असा आहे. देल्यो हा उस्मानी सत्तेविरुद्ध लढलेला बंडखोर होता. गावात माझ्या दोन मावश्या आहेत, त्यांचे सक्तीने धर्मांतर कराल तर मी पुन्हा गावात उतरेन आणि मग पुष्कळ आयांना रडावे लागेल, असे तो गावच्या कारभाऱ्यांना बजावतो. देल्योला तलवार किंवा शिशाची गोळी लागत नसे, म्हणून शत्रूंनी त्याच्यासाठी चांदीची गोळी ओतली, अशी दंतकथा आहे. पोवाड्यात शाहीर गोष्ट पुढे ढकलत नेतो. येथे मात्र गोष्ट जवळजवळ थांबलेली असते आणि केवळ धमकी हवेत लांबत राहते. आम्हाला या गाण्याचे सर्वांत मोठे सामर्थ्य तेथेच वाटते.

त्यानंतर कोणते?

जॉर्जियाचे "चाक्रुलो", 2 मिनिटे 18 सेकंद. हे पूर्व जॉर्जियातील काखेती प्रांताचे, मेजवानीच्या पंगतीत पुरुषांनी गाण्याचे गीत आहे. समूह एक खालचा स्वर धरून ठेवतो आणि त्यावर दोन गायक एकमेकांना चढाओढीने उत्तर देतात. भारतीय श्रोत्याची खरी परीक्षा येथे होते, कारण आपल्याकडे समूहगान म्हणजे बहुतेक वेळा सर्वांनी एकच चाल म्हणणे. वारकरी दिंडीतही टाळकरी एकाच चालीत मिसळतात. चाक्रुलोत तीन आवाज तीन वाटांनी जातात आणि मधूनच असे काही घासतात की प्रथम कोणीतरी बेसूर झाल्याचा भास होतो. तो घासणारा स्वर मुद्दाम लावलेला असतो. पहिल्या वेळी फक्त खालचा आवाज धरून ऐकावा, दुसऱ्या वेळी वरचा, आणि तिसऱ्या वेळी कान मोकळा सोडावा.

समितीला या गाण्याचे शब्द कळत नव्हते आणि न कळलेले शब्द अवकाशात पाठवणे तिला धोक्याचे वाटले. न्यूयॉर्कमधील एका जॉर्जियन भाषकाकडून अर्थ तपासून घेतल्यावरच ते तबकडीवर गेले. जॉर्जियाच्या या बहुस्वरी गायनाला युनेस्कोने 2001 साली मानवजातीच्या मौखिक वारशात मानाचे स्थान दिले.

शब्दांचा अडसर नको असेल तर काय ऐकावे?

ब्लाइंड विली जॉन्सनचे "डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड". डिसेंबर 1927 मध्ये डल्लास येथे ते मुद्रित झाले. शीर्षक येशूच्या यातनांवरील जुन्या स्तोत्राचे आहे, पण जॉन्सन त्यातला एकही शब्द म्हणत नाही. तो फक्त गुणगुणतो, हुंकारतो, आणि गिटारच्या तारेवरून घसरत जाणारा स्वर त्या हुंकाराला साथ देतो. मींडेची ओढ असलेल्यांनी हे नक्की ऐकावे.

दुसरी शिफारस जपानी शाकुहाचीची. गोरो यामागुची यांनी वाजवलेले "त्सुरु नो सुगोमोरी" हे 4 मिनिटे 51 सेकंदांचे वादन करकोच्यांची जोडी, त्यांची पिले आणि अखेर होणारी ताटातूट यांवर बांधलेले आहे. बांबूच्या या बासरीला अवघी पाच छिद्रे असतात. पंखांची फडफड श्वासाच्या थरथरीतून दाखवलेली आहे. फुंकरीचा खरखरीत आवाज हा येथे दोष नाही, हे आधी सांगून ठेवलेले बरे, कारण आपल्या बासरीवादकांची गोल, स्वच्छ फुंकर कानात असते.

गुचिन या चिनी तंतुवाद्यावर गुआन पिंगहू यांनी वाजवलेले "ल्यू शुई" 7 मिनिटे 37 सेकंदांचे, म्हणजे तबकडीवरचे सर्वांत लांब आहे. ते विद्वानांच्या बैठकीतले संगीत आहे. रात्री, शांतपणे, चांगल्या हेडफोनवर ऐकावे. रिक्षात ऐकू नये.

इतकी छोटी गाणी का? अठ्ठेचाळीस-पन्नास सेकंदांत काय कळणार?

जागेची टंचाई हे एक कारण होते. तबकडी नेहमीपेक्षा कमी वेगाने, मिनिटाला 16⅔ फेऱ्या अशा गतीने, फिरेल अशी करूनच नव्वद मिनिटांचे संगीत तिच्यावर मावले. त्यातही लांबलचक जागा बाख आणि बीथोव्हन यांना मिळाली, लोकगीतांच्या वाट्याला तुकडे आले. ही तक्रार रास्त आहे.

तरी एका तुकड्याबद्दल थांबून लिहायला हवे. पेरूमधील लग्नाचे गाणे केवळ 38 सेकंदांचे आहे. जॉन कोहेन यांनी 1964 साली वांकावेलिका भागात ते मुद्रित केले. केचुआ भाषेत गाणारी मुलगी लहान वयात लग्न करून दिल्याची आणि नवऱ्याच्या हातून झालेल्या फसवणुकीची तक्रार गाते. आवाज कोवळा आणि टोकदार आहे, साथ नाही. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या कोणालाही हा सूर ओळखीचा वाटेल, कारण सासर, माहेर, कळायच्या आत झालेले लग्न हे सगळे आपल्या बायकांनी पहाटेच्या दळणाबरोबर शतकानुशतके गायलेले आहे. या दोन परंपरांचा एकमेकींशी काही संबंध नाही. स्थिती सारखी होती, म्हणून गाणे सारखे निघाले. पन्नास सेकंदांत काय कळणार, या प्रश्नाला आमचे उत्तर हे गाणे आहे.

तबकडीवरच्या माहितीत चुका आहेत असे ऐकले. ते खरे आहे का?

होय, आणि सुचवणाऱ्या प्रत्येकाने त्या जाणून घ्याव्यात. सेनेगलचे तालवादन म्हणून दिलेली रचना प्रत्यक्षात बेनिनमधील माही लोकांची आहे. ती शार्ल ड्यूव्हेल या फ्रेंच संग्राहकाने मुद्रित केली होती. अझरबैजानची पिशवीबासरी म्हणून नोंदलेले वाद्य बालाबान आहे, वादक कामिल जलीलोव. बालाबान हे जर्दाळूच्या लाकडाचे, रुंद पातीचे वाद्य आहे आणि त्याच्या परंपरेत दुसरा वादक अखंड सूर धरून बसतो. सनईबरोबर सूर देणारा माणूस आपण पाहिलेला असतो, त्यामुळे आपल्याला ही मांडणी समजावून सांगावी लागत नाही. पिशवी मुळात नाहीच. मेक्सिकोच्या "एल कास्काबेल" या व्हेराक्रूझच्या धर्तीवरील झणझणीत गाण्यापुढे लोरेन्सो बार्सेलाता यांचे नाव वादक म्हणून छापले गेले. ते त्या गाण्याशी रचनाकार म्हणून जोडले जातात. गाणारे अँतोनिओ मासिएल आणि लोस आगिलिल्यास हे होते व साथ पेपे व्हिया यांच्या मारियाची मेहिको या वाद्यवृंदाची होती.

यांतल्या बऱ्याच दुरुस्त्या 2017 मध्ये ओझ्मा रेकॉर्ड्सने ही तबकडी पहिल्यांदा एलपीच्या रूपात सर्वांसाठी काढली तेव्हा पुढे आल्या. म्हणजे चाळीस वर्षे जगभरातले लोक बेनिनच्या कलावंतांना सेनेगलचे समजून दाद देत होते. आपण गाणे पुढे पाठवतो तेव्हा त्याबरोबर नावही पाठवतो. ते चुकीचे असेल तर चूकही तितक्याच वेगाने पसरते.

ही गाणी नेमकी कोठे मिळतील?

ओझ्माची आवृत्ती सर्वांत विश्वासार्ह आहे. नासाने तबकडीवरील शुभेच्छा आणि पृथ्वीवरचे आवाज इंटरनेटवर ठेवले आहेत, संगीत मात्र हक्कांच्या कारणाने ठेवलेले नाही. ऐकण्याच्या अ‍ॅपवर या तबकडीच्या नावाने अनेकांनी याद्या बनवलेल्या आहेत. त्यांत एक अडचण असते. मूळ ध्वनिमुद्रण न मिळाल्यास यादी बनवणारा त्याच नावाचे दुसऱ्या कोणाचे गाणे घालून मोकळा होतो. चाक्रुलो तर शेकडो मंडळ्यांनी गायलेले आहे. म्हणूनच वर बहुतेक ठिकाणी अवधी दिला आहे. तो काही सेकंदांच्या फरकाने जुळत नसेल तर आपण दुसरेच काही ऐकत आहात असे समजावे. शुभेच्छांमध्ये मराठीही आहे, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

भाषा येत नसताना लोकगीत ऐकण्याला अर्थ आहे का?

अर्थ आहे, पण अर्धा. पहिल्यांदा शब्दांवाचून ऐकावे, म्हणजे आवाज आणि चाल यांच्याकडे लक्ष जाते. मग गाण्याचा प्रसंग शोधावा. पूर्ण भाषांतर मिळाले नाही तरी चालते. गाणे पेरणीचे आहे, पंगतीचे आहे, शोकाचे आहे की पोराला निजवण्याचे, एवढे कळले तरी ऐकणे बदलते. जावाच्या राजवाड्यातील "पुष्पवर्ण" हे गामेलान, म्हणजे तेथील घंटा-थाळ्यांच्या वाद्यवृंदाचे वादन, ऐकताना त्यातील नावाचे संस्कृत मूळ मराठी वाचकाला लगेच उमगते. परंतु ते संगीत राजपुत्राच्या आगमनाच्या वेळी वाजवले जात असे, हे कळल्यावर त्याची धीमी, रुबाबदार चाल आणि ठरावीक अंतराने पडणारा घंटेचा ठोका यांचा उलगडा होतो.

धार्मिक विधींची गाणी दुसऱ्यांना पाठवावीत का?

येथे थोडा संयम हवा. तबकडीवर अमेरिकेतील नवाहो या आदिवासी लोकांच्या रात्रगीताचा 57 सेकंदांचा तुकडा आहे. हे गीत नऊ रात्री चालणाऱ्या, रोग्याला बरे करण्याच्या विधीचा भाग आहे, आणि तो विधी थंडी पडल्यावरच करायचा असा त्या समाजाचा नियम आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे "पहाटतारा" हे गीतही विधींशी जोडलेले आहे. तेथील अनेक समाजांत मृत व्यक्तीचे नाव घेणे किंवा आवाज ऐकवणे वर्ज्य मानतात. काँगोतील इटुरीच्या जंगलातल्या म्बुटी मुलींचे गाणे त्यांच्या वयात येण्याच्या सोहळ्यातले आहे. ती मुद्रित केली तेव्हा गाणाऱ्यांना पुढे त्यांचे काय होणार याची कल्पना असणे शक्य नव्हते.

ही गाणी ऐकू नयेत असे आमचे म्हणणे नाही. ऐकावीत, अभ्यासावीत. पण फोनची रिंगटोन, लग्नाचा व्हिडिओ किंवा योगवर्गाची पार्श्वभूमी यांसाठी ती सुचवू नयेत. आपल्या जागरण-गोंधळाचा तुकडा तोडून कोणी परदेशी जाहिरातीत वापरला तर आपल्याला काय वाटेल, याचा विचार केला की मर्यादा कोठे आहे ते कळते.

लहान मुलांना यातले काय आवडते?

सॉलोमन बेटांवरील बांबूच्या नळ्यांचे वादन (1 मिनिट 12 सेकंद) आणि "एल कास्काबेल". दोन्ही चपळ आहेत. गुचिन आणि शाकुहाची मोठेपणीसाठी ठेवावीत.

या यादीत काय राहून गेले आहे? त्या जागी काय ऐकावे?

पुष्कळ काही. अरबी संगीत नाही, इराण नाही, पोर्तुगीज भाषी जग नाही, पश्चिम आफ्रिकेतल्या वंशपरंपरागत भाटांचे गायन-वादन नाही. काही महिन्यांत घाईघाईने केलेल्या यादीत हे होणारच. आमच्याकडून तीन गाण्यांची भर.

पहिले, हमझा एल दिन यांचे "एस्कालाय". 1971 सालच्या त्याच नावाच्या ध्वनिमुद्रिकेवर ते आहे आणि वीस मिनिटांहून मोठे आहे. हमझा एल दिन इजिप्तच्या नुबिया भागातले होते, आणि अस्वानच्या मोठ्या धरणाखाली तो भाग बुडाला. एस्कालाय म्हणजे बैलाने फिरवायचा रहाट. ऊद या वाद्यावर तो रहाट हळूहळू फिरू लागतो, लय धरतो, हाकणाऱ्या पोराला पेंग येते. कोयना किंवा उजनीच्या पाण्याखाली गाव गेलेल्यांना या वादनाबद्दल आणखी काही सांगावे लागणार नाही.

दुसरे, केप व्हर्दे बेटांच्या सेझारिया एव्होरा यांचे "सोदाद". 1992 सालच्या "मिस परफुमादो" या ध्वनिमुद्रिकेवरील मुद्रण घ्यावे. पोर्तुगीज राजवटीत साँव निकोलाव बेटावरच्या लोकांना साँव तोमेच्या मळ्यांवर मजुरीसाठी जावे लागे. त्या दूरच्या वाटेचे हे गाणे मोर्ना या प्रकारातले आहे. आवाज भारदस्त आणि बेफिकीर आहे, दुःखाचे कोठेही प्रदर्शन नाही.

तिसरे, मालीच्या तुमानी जाबाते यांचे "कायरा", 1988 साली निघालेल्या ध्वनिमुद्रिकेवरील. एकवीस तारांचा कोरा, एकटा वादक, दुसरे कोणतेही वाद्य नाही. तरी खालची लय आणि वरची चाल दोन माणसे वाजवत असल्यासारखी ऐकू येतात.

गाणे सुचवताना नेमके काय लिहावे?

गाण्याचे नाव, गाणाऱ्याचे किंवा वाजवणाऱ्याचे नाव, प्रदेश, मुद्रणाचे साल, अवधी. त्याखाली एकच वाक्य, आणि ते "अप्रतिम आहे" असे नसावे. कोठे कान द्यायचा ते सांगावे: "दुसऱ्या ओळीच्या शेवटी आवाज कसा तुटतो ते ऐका", "खालचा आवाज धरा". प्रदेशाचे नाव देशापाशी न थांबता शक्य तेथपर्यंत न्यावे. "आफ्रिकन गाणे" म्हणणे म्हणजे लावणी आणि बिहू यांना "आशियाई गाणे" म्हणण्यासारखे आहे. संग्राहकाचे नाव ठाऊक असेल तर द्यावे, पण गाणाऱ्याच्या आधी नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकांवर बहुतेक वेळा उलटे असते: संग्राहकाचे नाव ठळक, आणि गाणारी "एक स्थानिक महिला".

एका वेळी एकच गाणे पाठवावे. ज्याला पाठवायचे त्याच्या कानात आधीच काय आहे याचा अंदाज घ्यावा. भजनी मंडळात गाणाऱ्याला चाक्रुलो आणि नाट्यसंगीतप्रेमी आजोबांना बाल्कान्स्का, हा क्रम बहुधा जमतो. उलट केल्यास काय होते ते ज्याचे त्याने पाहावे. आवडले नाही असे उत्तर आले तर वाद घालू नये. सहा महिन्यांनी दुसरे काहीतरी पाठवावे.

मराठी मुलखातून जगाला कोणते लोकसंगीत सुचवावे?

परदेशी मित्राला लावणी पाठवण्याची आपली पहिली इच्छा असते आणि हाताशी येते ती चित्रपटातली. त्याऐवजी यमुनाबाई वाईकर यांची बैठकीची लावणी पाठवावी. वाईच्या या गायिका 2018 साली वयाच्या एकशे दोनव्या वर्षी गेल्या. बसून, अदाकारीने आणि शब्द खेळवत गायलेली लावणी ऐकल्यावर हा प्रकार केवळ नाचाचा नाही हे परक्यालाही कळते.

जात्यावरच्या ओव्यांचा तर प्रचंड साठा आज खुला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅ यांनी सुरू केलेल्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आणि 2017 पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बाईच्या व गावाच्या नावासह, अनुवादांसह येत आहेत. त्यांतल्या परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या आवाजातल्या ओव्या आम्ही सर्वांत आधी सुचवू. पेरूच्या त्या 38 सेकंदांच्या गाण्याबरोबर त्या लागोपाठ ऐकवाव्यात.

गोव्याकडून कोंकणी मांडो. तोर्कातो द फिगेरेदो यांचा निरोपाचा "अदेउस कोरचो वेळु पावलो" हा मांडो "सोदाद"च्या शेजारी ठेवावा. दोन्हीकडे पोर्तुगीज सत्तेखालचा समुद्रकिनारा आहे, दोन्हीकडे विरह आहे आणि तरीही मांडोची धीमी, दोन आवाजांत बांधलेली चाल वेगळीच राहते. शक्य झाल्यास घुमटाची साथ असलेले मुद्रण निवडावे. पूर्वी घुमटाच्या मातीच्या भांड्यावर घोरपडीचे कातडे ताणत, वन्यजीव कायद्यामुळे आता बकऱ्याचे लावतात, आणि 2019 साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. मांडोमागून येणारे जलद दुलपद कापलेले नसावे, कारण गावात मांडो म्हणून झाल्यावर मंडळी दुलपद घेतल्याशिवाय उठत नाहीत.